मूठभर चुका

चिंगी: बाक डावीकडेच बरा होता, बाबा.

बाबा: दारात उभी राहून सांगू नकोस. दारातून सेट कळत नाही. आत जा, सोफ्यावर बस आणि तिथून बघ.

चिंगी: सेट नाही, बाल्कनी. आणि सकाळपासून मला कितीदा सोफ्यावर धाडलंत. एक सुट्टी मिळते आठवड्यात.

बाबा: बसलीस? आता सांग. डावीकडे की उजवीकडे?

चिंगी: डावीकडे.

बाबा: मग मधे ठेवतो.

चिंगी: मधे ठेवलात तर दार उघडणार नाही. दार बाहेर उघडतं.

बाबा: दार काढून टाकू.

चिंगी: बाबा.

बाबा: अगं, बिजागरीची पिन उपसली की दार हातात येतं. पडदा लावू. वारा आला की कसा हलेल बघ.

चिंगी: दार राहील आणि बाक डावीकडे राहील. तुम्ही जरा टेकाल का? सकाळपासून नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर. खालच्या काकूंना वाटेल, वर कोणीतरी कवायत करतंय.

बाबा: कुठे टेकू?

चिंगी: बाकावर. एवढा केलाय तो कशाला?

बाबा: तो तुझा आहे.

चिंगी: म्हणून तुम्ही बसलात तर झिजेल का? फोन वाजतोय तुमचा. शिडीवर ठेवलाय बघा.

बाबा: वाजू दे. कुंड्यावाला असेल.

चिंगी: कुंड्यावाल्याचं नाव तुम्ही ‘मॅनेजर’ घातलंय?

बाबा: आमचा जुना नाटक कंपनीचा मॅनेजर. रिकामा बसला की मला फोन करतो. राहू दे. हा दिवा बघ आधी. वर लावणार होतीस ना तू, छताला? वरून उजेड पडला की माणूस पोलीस चौकीत बसल्यासारखा दिसतो. मी बाजूने लावलाय, खालच्या अंगाला. आता तू इथे बसलीस की तुझ्या गालावर एवढाच उजेड.

चिंगी: मला पुस्तक वाचायचं असेल तर?

बाबा: तर डोकं जरा असं तिरकं करायचं.

चिंगी: आणि त्या भिंतीवर दार रंगवलंय ते?

बाबा: आवडलं?

चिंगी: काल अंधारात मी कडी शोधत होते त्याची.

बाबा: म्हणजे जमलंय. टोकाला नुसती भिंत असली की जागा तिथेच संपते. दार असलं की वाटतं, पलीकडे आणखी काहीतरी आहे. तेवढीच बाल्कनी हातभर लांब वाटते.

चिंगी: पण ते उघडत नाही ना.

बाबा: उघडायचं कशाला? दिसण्याशी काम.

चिंगी: हेच तुमचं आयुष्यभर. बरं, दार राहू द्या, छान आहे. पण हा आडोसा. आतून एवढी सुंदर जाळी, त्यावर वेल, सगळं रंगवलेलं. आणि रस्त्यावरून बघितलं तर? नुसत्या फळ्या, ठिगळं लावलेलं कापड आणि मोठ्या अक्षरांत ‘राजवाडा, उजवा’. समोरच्या बाई मला विचारत होत्या, तुमच्याकडे राजवाडा कुठला म्हणून.

बाबा: नाटकातल्या राजवाड्याचं जुनं कापड होतं, फेकवेना. मागची बाजू कोण रंगवतं?

चिंगी: रस्ताभर लोकांना तीच दिसते.

बाबा: रस्ता काय प्रेक्षक आहे का? प्रेक्षक इथे बसणार. तू. तुला मागचं दिसत नाही ना? मग झालं.

चिंगी: आणि हा कठड्याला टेकवून का नाही उभा केला? कठडा आणि आडोसा यांच्यात एवढी फट ठेवलीत. बाल्कनी आधीच केवढीशी. कपड्यांची दोरी आणि एसीचा तो डबा गेला की उरतं काय? त्यातली हातभर जागा वाया.

बाबा: वाया नाही. ती विंग आहे.

चिंगी: काय आहे?

बाबा: विंग. रंगमंचाच्या कडेची जागा. आपण तिथे असतो, पण दिसत नाही.

चिंगी: नाटकातली माहितीये मला. इथे कोण उभं राहणार तिच्यात?

बाबा: मी.

चिंगी: तुम्ही त्या फटीत उभे राहणार? आणि मी इकडे बाकावर एकटी बसणार?

बाबा: त्यात काय? तू दमून येतेस. दिवसभर ती शिकाऊ पोरं गाडी चालवणार आणि तू शेजारी, पाय उचलून ब्रेकवर धरलेला. मी बघतो ना, घरी आल्यावरसुद्धा जेवताना तुझा पाय तसाच असतो, टेबलाखाली, अधांतरी. इथे बसलीस की पाय खाली टेकेल, म्हणून बाक मुद्दाम बुटका केलाय. तू निवांत बस. मला जाळीतून दिसेलच.

चिंगी: म्हणून बाक एकाचाच.

बाबा: एकाचा ऐसपैस होतो. दोघांचा केला की दोघांचेही खांदे अवघडतात.

चिंगी: थांबा, तो जरा उचला. मला खाली झाडू फिरवायचाय. अरे, हा हलतोय कसा? आणि हे काय लोंबतंय?

बाबा: ओढू नकोस.

चिंगी: पिन आहे ही. बाकाला पिना लावल्यात तुम्ही?

बाबा: सगळ्यालाच आहेत. बाक, आडोसा, कुंड्यांची मांडणी. चार पिना उपसल्या की सगळं आडवं. दोन माणसं लागली तर चहा निवायच्या आत खाली ट्रकमध्ये.

चिंगी: कुठला ट्रक, बाबा?

बाबा: असं आपलं म्हणतो. सवय.

चिंगी: हे माझं घर आहे. पहिलंच. अजून निम्मी भिंत बँकेची आहे, पण माझं आहे. इथून ट्रकमध्ये काय जाणार आहे?

बाबा: काही नाही जाणार. पण जोड सुटा असावा. उद्या तुला दुसरं काही ठेवावंसं वाटलं तर?

चिंगी: माझं अभ्यासाचं टेबल आठवतं?

बाबा: कुठलं?

चिंगी: तुम्हीच केलेलं. चौथीत होते मी. निळा रंग दिला होतात, खाली पाय ठेवायला पट्टी केली होती. सगळ्या चाळीला बोलावून दाखवलं होतं आईने.

बाबा: हां, ते. बरं झालं होतं ते.

चिंगी: परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तुम्ही पिना उपसल्यात आणि ते दौऱ्यावर घेऊन गेलात. नाटकाला टेबल कमी पडत होतं म्हणून.

बाबा: दुसऱ्या अंकात वकिलाचं टेबल लागायचं. आधीचं उतरवताना मोडलं होतं. ऐनवेळी कुठून आणणार?

चिंगी: मी शिलाई मशीनच्या झाकणावर वही ठेवून अभ्यास केला. तो राग नाही मला, पास झाले. पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही टेबल सुटं करून दारात ठेवलं होतंत ना, तेव्हा त्यातल्या दोन पिना मी काढून घेतल्या होत्या. कंपासपेटीत लपवल्या.

बाबा: तू?

चिंगी: मला वाटलं, पिना नसल्या की टेबल उभं राहणार नाही. टेबल उभं राहिलं नाही की नाटक होणार नाही. मग पिना न्यायला तरी परत याल.

बाबा: अगं, आणि मी त्या पोऱ्याला शिव्या घातल्या. सामान चढवणाऱ्याला. पुढचा मुक्काम येईपर्यंत ट्रकमध्ये बॅटरी लावून शोधत होतो.

चिंगी: मग? उभं राहिलं?

बाबा: तारेने आवळलं. राहिलं उभं.

चिंगी: हो ना. राहणारच. तुमचं काहीच कधी अडलं नाही.

बाबा: चिंगे.

चिंगी: चिंगे म्हणू नका. परवा जिन्यात हाक मारलीत, माझा विद्यार्थी खाली उभा होता. तेव्हापासून तो मी ब्रेक दाबला की हसतो. परत वाजतोय फोन. घ्या ना एकदाचा.

बाबा: हात रंगाचे आहेत. आणि तू कशाला उचलतेस? ठेव.

चिंगी: स्पीकरवर टाकते. हॅलो.

मॅनेजर: मास्तर, कुठे गायब झालात? सकाळपासून बोटं झिजली माझी.

चिंगी: मी त्यांची मुलगी बोलतेय. बाबा इथेच आहेत.

मॅनेजर: अरे वा, ताई, नमस्कार. तुम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा तुम्ही पेटीवर झोपला होतात आणि आम्हाला पेटीतला पडदा हवा होता. मास्तरांना सांगा, काम झालं. मालकांना मी पटवलंय. म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा कशाला? मी म्हटलं, मास्तर खुर्चीवर बसून नुसतं बोट दाखवतील तरी आपला सेट निम्म्या वेळात लागेल. गाडी परवा सकाळी निघते.

चिंगी: तुम्ही विचारलंत का त्यांना? यायचंय का ते?

मॅनेजर: मी कशाला विचारतोय? त्यांनीच विचारलं. गेल्या आठवड्यात फोन आला, कुठेही घ्या पण घ्या म्हणाले. मास्तर, ऐकताय ना?

बाबा: ऐकतोय.

मॅनेजर: मग हो समजू? मला नाव कळवायचंय. आधीच दुसरा एकजण दारात बसलाय, सारखा विचारतोय.

बाबा: जरा वेळाने फोन कर.

मॅनेजर: तासाभराने करतो. पण तेव्हा काय ते एका शब्दात सांगा. ठेवतो, ताई.

चिंगी: कुंड्यावाला.

बाबा: सांगणार होतो.

चिंगी: कधी? ट्रकमधून?

बाबा: बाल्कनी झाली की. अर्धवट सोडून गेलो असं नको व्हायला.

चिंगी: कुठेही घ्या पण घ्या. इतकं नकोसं झालं इथे?

बाबा: नकोसं नाही. गुडघा बरा झाला.

चिंगी: त्याचा काय संबंध?

बाबा: मी बॅग घेऊन आलो तेव्हा दारातच म्हणालो होतो, गुडघा बरा होईपर्यंत राहतो. तू म्हणालीस, बरं.

चिंगी: मग काय म्हणायचं होतं मी? हातात तुमची काठी, औषधांची पिशवी, लिफ्ट बंद. तेव्हा काय भाषण करायचं होतं?

बाबा: मी कुठे तसं म्हणतोय? तू बरं म्हणालीस, मला ते बरंच वाटलं. गुडघा बरा झाला, आता निघावं. मग तू बाल्कनीचं काढलंस. म्हटलं चला, जायच्या आधी पोरीला काहीतरी करून द्यावं. म्हणून एवढी घाई चाललीये.

चिंगी: देवा.

बाबा: काय झालं?

चिंगी: मला बाल्कनी नको होती.

बाबा: म्हणजे?

चिंगी: मला काही नको होतं इथे. कपडे वाळत होते, तेवढं पुरे होतं मला. तुम्ही चालायला लागलात आणि घरभर फिरायला लागलात. खिडकीतून खाली बघायचात, बॅगेची चेन उघडायचात, बंद करायचात. मला कळत होतं. म्हणून म्हटलं हातात काहीतरी काम द्यावं, म्हणजे माणूस रमेल. ती मासिकातली चित्रं मी मुद्दाम तुमच्यासमोर टाकली. मला माहीत होतं, तुम्ही नाकं मुरडणार आणि म्हणणार, हे काय, मी करतो.

बाबा: वाईटच होती ती चित्रं. सगळी वरून उजेड मारलेली.

चिंगी: म्हणजे तुम्ही निघता यावं म्हणून लवकर लवकर करताय, आणि मी ते संपू नये म्हणून रोज काहीतरी खोट काढतेय.

बाबा: तरीच. बाक डावीकडे, बाक उजवीकडे.

चिंगी: ते तुम्ही करत होतात.

बाबा: मी?

चिंगी: हो, तुम्ही. काल झालेलं काम आज सकाळी परत उलगडून बसलात. निघायची एवढी घाई असलेला माणूस असं करतो का?

बाबा: त्याचं असं आहे, बाक मला खरंच नीट वाटत नव्हता.

चिंगी: बाबा, एकदाच बोलते, परत म्हणायला लावू नका. मला तुम्ही इथे हवे आहात. गुडघ्यासाठी नाही, बाल्कनीसाठी नाही. घरी आल्यावर आत कोणीतरी खुडबुडतंय हे मला हवंय. झालं. बोलले.

बाबा: हं.

चिंगी: हं काय?

बाबा: माझं काय होतं सांगू? पडद्यामागे असलो की मला कळतं कुठे उभं राहायचं. अंधार असला तरी कळतं. घरात कळत नाही. स्वयंपाकघरात उभा राहिलो की तू म्हणतेस, सरका. हॉलमध्ये उभा राहिलो की टीव्हीच्या आड येतो. बसलो तर वाटतं, पाहुणा होऊन बसलोय. रात्री पाणी प्यायला उठलो तरी चोरासारखं वाटतं. म्हणून ती फट ठेवली. म्हटलं, असेपर्यंत तरी आपली एक जागा असावी, कोणाच्या पायात न येणारी.

चिंगी: सरका म्हणजे जा नव्हे, बाबा.

बाबा: ते आता कळलं.

चिंगी: सरका म्हणजे मला डबा काढायचाय, एवढंच. सरकायचं आणि तिथेच उभं राहायचं. जावईसुद्धा नाहीये घरात, कोणाला लाजता?

बाबा: माझी पेटी आण आतून.

चिंगी: आता काय काढताय?

बाबा: आण तर. आणि येताना ती पक्कड पण आण. हा आडोसा धर, मी पिना उपसतो.

चिंगी: सगळं सुटं करताय? बाबा, मी एवढं बोलले त्यावर हे उत्तर?

बाबा: धर म्हणतो ना. मला बाकाला फळी पाहिजे, याच लांबीची. आत्ता दुकानात कुठे शोधणार? ही विंगेची घेतो. आडोसा मागे कठड्याला जाऊन टेकेल, उरलेल्या फळ्यांत भागेल. नाहीतरी तो ‘राजवाडा’ तुला नकोच होता.

चिंगी: मग तुम्ही उभे कुठे राहणार?

बाबा: तोंड चालवू नकोस, खालून आधार दे. हां. आता पेटीत पत्र्याची डबी आहे बघ, चुकांची. आणि मोठे खिळे असतील तळाशी.

चिंगी: चुका. अजून आहेत तुमच्याकडे? मला एकदा बाईंनी वर्गात उभं केलं होतं यांच्यापायी. वडील काय करतात ते लिहून आणा म्हणाल्या होत्या. मी लिहिलं, माझे बाबा रोज मूठभर चुका विकत आणतात आणि दिवसभर तोंडात ठेवतात.

बाबा: मग? बरोबरच लिहिलंस. बारीक खिळ्यांना चुकाच म्हणतात.

चिंगी: बाईंना नव्हतं माहीत. सगळा वर्ग हसला. घरी येऊन तुम्हाला सांगायला गेले तर तुमच्या तोंडात चुकाच. तुम्ही नुसतं हं म्हणालात. मला तर वाटायचं, तुम्ही बोलत नाही ते त्या तोंडात असतात म्हणूनच.

बाबा: दोन्ही हात फळीला लागतात. चुका ठेवणार कुठे?

चिंगी: मोठ्या खिळ्यांनी भागत नाही का?

बाबा: आधी खिळे. मग जोडावर पट्टी, आणि पट्टीला चुका. बारीक असतात, लाकूड फाटत नाही. पण एकदा बसल्या की फळी मोडावी लागते, चूक निघत नाही. म्हणून मी जोडाला कधी मारल्या नाहीत. ही पिन धर. ही पण. टाकू नकोस कुठे.

चिंगी: नाही टाकत. चुका तोंडात घालू नका मात्र. या वयात एखादी गिळाल.

बाबा: चाळीस वर्षांत गिळली नाही. फळी सरळ धर. आणि आता मला बोलायला लावू नकोस.

(बाबा मूठभर चुका ओठांत धरतात आणि ठोकायला लागतात. थोड्या वेळाने फोन वाजतो.)

चिंगी: मॅनेजर आहे. घेऊ? मान हलवू नका, फळी हलते. घेते. हॅलो.

मॅनेजर: ताई, मास्तरांना द्या. एकच शब्द पाहिजे.

चिंगी: त्यांना बोलता येत नाहीये. तोंडात चुका आहेत.

मॅनेजर: तरीच ठकठक येतेय. वा. कामाला लागले पण? कापड ठोकतायत ना फ्रेमवर?

चिंगी: कापड नाही.

मॅनेजर: मग काय?

चिंगी: बाक आहे. त्याचा जोड.

मॅनेजर: छे, काहीतरीच. जोडाला मास्तर चूक मारत नाहीत, ताई. माझी उमर गेली त्यांच्याबरोबर. एकदा एका नवीन पोराने घाईत जोड ठोकला तर त्याला स्टेजवरून खाली उतरवला होता. म्हणाले, जे ठोकलं ते गाडीत चढत नाही.

चिंगी: मला माहितीये.

मॅनेजर: नीट बघा. पिन असेल.

चिंगी: पिना माझ्या हातात आहेत.

मॅनेजर: सगळ्या?

चिंगी: सगळ्या.

मॅनेजर: हं.

चिंगी: तुम्हाला एक शब्द हवा होता ना. थांबा, मी त्यांना चुका काढायला सांगते.

मॅनेजर: नको, नको. ठोकू द्या त्यांना. मी त्या दुसऱ्याला कळवतो. आणि ताई, बाक झाला की एक फोटो पाठवा. मास्तरांचं ठोकलेलं काम मला एकदा बघायचंय.

चिंगी: पाठवते. ठेवू? ... बाबा, ठेवला त्याने फोन. ऐकलंत ना? आता पुरे. तोंडातल्या चुका काढा आणि इथे बसा माझ्याशेजारी.

बाबा: हं हं.

चिंगी: हं नाही. बसा.

बाबा: जरा सरक, बसतो. अजून दोन राहिल्यात.